टेबलाला विचारायचं की नाही?

दादा सांगलीहून आला की पहिल्या चहाला घरातली विचारपूस होते आणि दुसऱ्या चहाला तो फॉक्सप्रोवर येतो. एका सहकारी साखर कारखान्याच्या ईडीपी विभागात त्याची सत्तावीस वर्षं गेली. माझी मुलगी पुण्यात जावा लिहिते. मी या दोघांच्या मधली. मी डेटाबेस सांभाळते, म्हणजे प्रोग्रामरांनी करून ठेवलेलं निस्तरते.

यंदा वादाला निमित्त आयतंच मिळालं. दादाच्याच कारखान्याच्या जुन्या डीबीएफ फायली पोस्टग्रेसमध्ये आणायचं काम मुलीच्या कंपनीकडे आलं. तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला, मामाला शेजारी बसवलं आणि मी गवार मोडायला घेतली.

भाची : मामा, तुझ्या ऊसबिलाच्या टेबलात 34 कॉलम आहेत. त्यातले 19 ‘केपी_’नं सुरू होतात. आणि बिल काढणाऱ्या प्रोग्राममध्ये त्यातल्या एकाचंही नाव नाही!

मामा : नसेलच. केपी म्हणजे कपात. सोसायटीचं कर्ज, पाणीपट्टी, कंपोस्ट, सभासदाची साखर, ठेव. एवढी नावं प्रोग्राममध्ये लिहिली असती तर दर हंगामाला प्रोग्राम उघडावा लागला असता. मी एफील्ड्सला विचारायचो. नाव केपी_नं सुरू होतंय आणि प्रकार ‘एन’ आहे, की घे बेरजेत. दहा-बारा ओळींचं काम.

भाची : म्हणजे प्रोग्रामला स्वतःचीच टेबलं माहीत नाहीत.

मामा : माहीत करून घेतो की! संचालक मंडळाचा ठराव गुरुवारी व्हायचा आणि पंधरवड्याचं बिल शनिवारी निघायचं. मधल्या शुक्रवारी मी फक्त एक फील्ड वाढवायचो. प्रोग्रामला हात नाही, कंपाइल नाही, काही नाही.

एफील्ड्स हे फॉक्सप्रोमधलं फंक्शन. उघड्या टेबलाचं प्रत्येक फील्ड, त्याचा प्रकार, रुंदी आणि दशांश हे सगळं ते एका ॲरेत भरून देतं. दादाच्या पिढीला यात विशेष काही वाटत नाही, कारण डीबीएफ फाइल आपली कुंडली कपाळावरच घेऊन फिरते. फाइलच्या सुरुवातीला 32 बाइटांचं शीर्ष असतं आणि त्यामागे दर फील्डसाठी आणखी 32 बाइट. नाव जास्तीत जास्त दहा अक्षरांचं, म्हणूनच त्या काळातल्या फील्डांची नावं अशी तोंड दाबल्यासारखी. ‘कॉपी स्ट्रक्चर एक्स्टेंडेड’ ही आज्ञा दिली की एका टेबलाच्या रचनेचंच दुसरं टेबल तयार व्हायचं. त्यात एकेका फील्डची एकेक नोंद.

रचनेची माहितीही टेबलातच ठेवायची, ही कल्पना घरगुती जुगाड मात्र नव्हे. रिलेशनल डेटाबेसचा सिद्धान्त 1970 साली मांडणाऱ्या एडगर कॉड यांनी 1985 मध्ये आपले प्रसिद्ध नियम लिहिले. त्यातला चौथा नियम हाच आहे. डेटाबेसचं वर्णन साध्या डेटासारखंच टेबलांत असावं आणि ते बघायला वेगळी भाषा लागू नये. पुढे 1992 च्या एसक्यूएल प्रमाणात ‘इन्फर्मेशन स्कीमा’ आली. टेबलं कोणती, कॉलम कोणते, त्यांचे प्रकार काय, हे सगळं सिलेक्टनं विचारता येऊ लागलं. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर यांनी ती घेतली. ओरॅकलनं घेतली नाही. तिथे ‘ऑल_टेबल्स’, ‘ऑल_टॅब_कॉलम्स’ अशी स्वतःची दालनं आहेत. एसक्यूलाइटमध्ये तर टेबल तयार करतानाची आज्ञा मजकूर म्हणून जपून ठेवलेली असते.

भाची : सोय आहे हे मला मान्य आहे. पण सोय आहे म्हणून चालत्या प्रोग्रामनं दर वेळी दाराशी जाऊन ‘तुमच्याकडे कॉलम कोणते?’ असं विचारायचं का? माझ्या कोडमध्ये कॉलमांची नावं लिहिलेली असतात. टेबल बदलायचं तर आधी बदलाची फाइल लिहायची, ती दुसऱ्यानं तपासायची, मग ती चालवायची. उद्या कोणी कॉलम उडवला तर माझा प्रोग्राम त्याच क्षणी ओरडतो. तुझा ओरडणार नाही. एक कपात कमी धरून गुपचूप बिल छापेल.

मामा : (जरा थांबून) छापेल. पण कॉलम उडवणाराही मीच होतो ना.

भाची : हेच तर म्हणतेय. सगळं तुझ्या डोक्यात होतं.

इथे मला बोलावंसं वाटलं, पण गवार बरीच उरली होती.

मामा : बरं, मला सांग. तुझं ते हायबरनेट. प्रोग्राम सुरू होताना ते काय करतं?

भाची : व्हॅलिडेट लावलं असेल तर माझ्या क्लासमधले कॉलम टेबलात आहेत का, प्रकार जुळतो का, ते तपासतं.

मामा : तपासतं म्हणजे कुणाला विचारतं?

भाची : ...डेटाबेसला.

मामा : झालं तर मग!

भाची : झालं नाही. ते एकदाच विचारतं, सुरुवातीला. आणि उत्तर मनासारखं आलं नाही तर प्रोग्राम सुरूच होत नाही. तुझा प्रोग्राम उत्तर येईल तसा वागतो. मी खात्री करायला विचारते, तू ठरवायला विचारतोस.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. वीस वर्षांत मी जे अपघात निस्तरले, त्यातले बहुतेक दुसऱ्या जातीचे. प्रोग्रामनं कॅटलॉगला, म्हणजे डेटाबेसच्या रचनेची माहिती ठेवणाऱ्या टेबलांना, प्रश्न विचारला, उत्तर आलं, आणि त्यावर विसंबून पुढचं काम केलं. उत्तर खोटं नव्हतंच. प्रश्न चुकीचा होता, किंवा उत्तराचा अर्थ.

मुलगी स्वतःही यात एकदा पडली आहे आणि ते तिनं मामापासून लपवलं नाही. मागच्या एका कामात ‘गट_1’ नावाच्या टेबलाचे कॉलम हवे होते. जेडीबीसीमध्ये त्यासाठी ‘गेटकॉलम्स’ आहे. तिनं नाव दिलं आणि प्रत्येक कॉलम तीन-तीनदा परत आला. दिवसभर तिनं स्वतःचा लूप तपासला. गोम अशी की गेटकॉलम्स टेबलाचं नाव हे नाव म्हणून घेत नाही, नमुना म्हणून घेतं, आणि लाइकच्या नमुन्यात अंडरस्कोर म्हणजे कोणतंही एक अक्षर. गट_1 विचारलं की गट11 आणि गट21 हेही ‘आलो’ म्हणतात. अंडरस्कोरच्या आधी एस्केपचं चिन्ह द्यायचं, ते कोणतं हेही ड्रायव्हरलाच विचारायचं. टेबलांच्या नावांत अंडरस्कोर सगळेच घालतात, त्यामुळे हा खड्डा भर रस्त्यात आहे.

मामा : आमच्याकडे असलं काही नव्हतं. फाइल उघडली की तीच फाइल.

भाची : अजून ऐक. एका प्रोग्राममध्ये आमच्या आधीच्या माणसानं लिहून ठेवलं होतं की इन्फर्मेशन स्कीमात टेबल सापडलं नाही तर तयार कर. नव्या सर्व्हरवर तो सुरू केला. आधी म्हणाला, टेबल नाही. तयार करायला गेला तर पोस्टग्रेस म्हणालं, टेबल आहेच!

मामा : आँ?

भाची : ज्या नावानं प्रोग्राम लॉगिन झाला होता, त्याला त्या टेबलावर कसलाच अधिकार दिलेला नव्हता. इन्फर्मेशन स्कीमा तुला अधिकार असेल तेवढंच दाखवते.

मामा : म्हणजे नव्या सुनेला दाखवल्या तेवढ्याच खोल्या, बाकी वाडा नाहीच!

भाचीला उपमा आवडली नसावी. पण तांत्रिकदृष्ट्या ती चोख आहे. पोस्टग्रेसचा स्वतःचा ‘पीजी_कॅटलॉग’ मात्र असा हात राखून बोलत नाही. तिथे सगळी टेबलं सगळ्यांना दिसतात. उलट तिथे नको तेही दिसतं. पोस्टग्रेसमध्ये कॉलम काढून टाकला तरी कॅटलॉगमधली त्याची ओळ जात नाही. तिच्यावर ‘काढलेला’ अशी खूण होते आणि नावाच्या जागी टिंबंटिंबं घालून एक बनावट नाव येतं. ती खूण न बघता यादी काढली तर मेलेले कॉलमही पंगतीला बसतात. हे ऐकून दादा इतका खूश झाला की त्यानं तिसरा चहा मागितला.

मग नावांच्या लहान-मोठ्या लिपीचा विषय निघाला. अवतरणात न घातलेलं नाव ओरॅकल कॅपिटल करून ठेवतं, पोस्टग्रेस स्मॉल करून. त्यामुळे एकीकडे चाललेली चौकशी दुसरीकडे रिकाम्या हातानं परतते. त्यावर दोघांचं एकमत होतं, म्हणून तो विषय लगेच संपला.

मुलीनं आणखी एक मुद्दा काढला, तो मायएसक्यूएलचा. तिथल्या इन्फर्मेशन स्कीमात टेबलातल्या नोंदींची संख्याही असते. इनोडीबीच्या टेबलांसाठी ती संख्या अंदाजी असते, आणि आठव्या आवृत्तीपासून तर ती एरवी एक दिवसापर्यंत जुनी असू शकते. कोणीतरी ती थेट अहवालात छापतो आणि मग हिशेब जुळत नाही म्हणून मला फोन येतो. हा मुद्दा तिच्या बाजूचा, हे मला मान्यच आहे.

एवढं झाल्यावर दादाची बाजू पडली असं तुम्हाला वाटेल. पण मला राहवेना, कारण त्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा माझ्याकडे होता.

माझ्या एका जुन्या नोकरीत ओरॅकलवर मराठी नावं साठवायची होती. गावाचा कॉलम होता ‘व्हारकॅर2’, लांबी 20. फॉर्म करणाऱ्यानं कोडमध्ये 20 हा आकडा लिहिला आणि 20 अक्षरांची मुभा दिली. आठवडाभर सगळं सुरळीत. मग सांगलीची नोंद जाऊ लागली आणि कोल्हापूरची अडकू लागली. आमच्याकडच्या कोल्हापूरकरांनी याचा अर्थ भलताच घेतला. खरं कारण असं होतं. ओरॅकलमध्ये वेगळं सांगितलं नसेल तर ती लांबी अक्षरांची नसते, बाइटांची असते. युनिकोडच्या यूटीएफ-8 रूपात देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. ‘सांगली’त सहा खुणा, म्हणजे 18 बाइट, बसलं. ‘कोल्हापूर’ डोळ्यांना चार अक्षरांचं दिसतं, पण काने, मात्रे, उकार, हलन्त वेगळे मोजले की खुणा होतात नऊ. म्हणजे 27 बाइट. ओआरए-12899 ही चूक 27 आणि 20 हे दोन्ही आकडे स्वतःच छापत होती, फक्त ते बाइट आहेत हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

मामा : आमच्याकडे जिस्ट कार्ड होतं, सी-डॅकचं. इस्कीत एका खुणेला एक बाइट. वीसच्या फील्डात कोल्हापूर आरामात मावायचं.

मी : हो. आणि आता तोच वीस हा आकडा कुणी डोळे झाकून ओरॅकलमध्ये नेला की संपलं. ओरॅकलच्या कॅटलॉगमध्ये हे सगळं लिहिलेलं असतं. बाइटांतली लांबी वेगळी, अक्षरांतली वेगळी, आणि कॉलम कशात मोजला आहे त्याचंही एक अक्षर, बी किंवा सी. त्या फॉर्मनं आकडा स्वतः लिहिण्याऐवजी डेटाबेसला विचारला असता तर कोल्हापूरकरांचा राग वाचला असता.

भाची : म्हणजे तू मामाच्या बाजूनं.

मी : या एका बाबतीत.

मामा : (माझ्याकडे न बघता) केपी_पावतीचं सांगू का हिला?

मला ही गोष्ट माहीत होती. दादा ती कुणाला सांगत नाही.

मामा : एका हंगामात अकाउंट्सवाले म्हणाले, कपातीच्या पावतीचा नंबरही बिलाच्या फाइलमध्ये पाहिजे. मी रजेवर होतो. हाताखालच्या मुलानं फील्ड वाढवलं, नाव दिलं केपी_पावती. त्याचं तरी काय चुकलं? कपातीची पावती, म्हणून केपी. प्रकार एन, रुंदी सहा. शनिवारी बिलं निघाली.

भाची : आणि पावतीचा नंबर...

मामा : रुपये म्हणून कापला गेला. एका सभासदानं पकडलं. म्हातारा माणूस, शाळा चौथीपर्यंत. म्हणाला, साहेब, माझी पावती 4117 नंबरची, आणि तुम्ही जास्तीचे कापलेत तेही 4117. हे कसं? गटातली सगळी बिलं परत काढावी लागली.

गवार संपली होती. कोणी बोलेना. वाद जिंकल्यावर मुलगी साधारणपणे ज्या सुरात बोलते, तो सूर या वेळी लागला नाही.

भाची : मामा, एफील्ड्सनं तुला खोटं नाही सांगितलं. त्याला विचारलं फील्ड आकड्याचं आहे का, ते होतंच. तो आकडा रुपयांचा आहे का, हे त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं.

मामा : ते मला तेव्हाच कळलं गं. पण उपाय काय होता? सगळी नावं लिहीत बसायचं?

भाची : नाही. कपात हा कॉलमच नको होता. कपातींचं वेगळं टेबल कर. सभासद क्रमांक, पंधरवडा, कपातीचा प्रकार, रक्कम. दर कपातीची एक ओळ. नवीन कपात आली की प्रकारांच्या यादीत एक नोंद वाढव. टेबलाची रचना बदलायची नाही, त्यामुळे रचना विचारायचीही नाही. आणि पावतीचा नंबर रकमेच्या कॉलममध्ये कुणी चुकूनही घालणार नाही.

मामा : आता सोपं आहे तुला. चारशे शहाऐंशीच्या मशीनवर हजारो सभासदांची बिलं, प्रत्येकाच्या वीस-वीस ओळी दुसऱ्या फाइलमधून शोधायच्या, आणि डॉट मॅट्रिक्सवर सकाळपर्यंत छापायच्या. एका सभासदाचं सगळं एका रेकॉर्डमध्ये असलं की डोळे मिटून छापता यायचं.

त्याचं हेही खरं आहे. त्या काळच्या मशीनला शोभेल असाच निर्णय त्यानं घेतला होता. पण माझा निकाल मी तिथेच दिला आणि तो मुलीच्या बाजूनं दिला, थोडं पुढे जाऊन. कॉलमांच्या नावांवरून लूप फिरवायची वेळ आली की आधी शंका घ्यावी, की ओळी व्हायला हव्या होत्या त्या कुठेतरी कॉलम झाल्या आहेत. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे बारा कॉलम, विषय1 ते विषय8 असे आठ, केपी_ असे एकोणीस. अशा वेळी कॅटलॉगला विचारणारा हुशार कोड म्हणजे चुकलेल्या रचनेला लावलेलं ठिगळ असतं. ठिगळ सुबक असू शकतं. दादाचं होतंच.

विचारणं ज्यांचा धंदाच आहे त्यांनी जरूर विचारावं. बॅकअप घेणारी साधनं, एका डेटाबेसमधून दुसऱ्यात नेणारी, वापरणाऱ्याला हवा तो अहवाल बांधून देणारी. अहवालाच्या बाबतीत तर मी विचाराच असं बजावते. एसक्यूएलमध्ये प्रश्नचिन्हाच्या जागी किंमत बांधता येते, पण टेबलाचं किंवा कॉलमचं नाव बांधता येत नाही. ते मजकुरातच जोडावं लागतं. पडद्यावरून आलेलं नाव तसंच जोडलं तर भलता माणूस भलती आज्ञा घुसवणार. म्हणून ते नाव आधी कॅटलॉगमधून आणलेल्या आणि उघड्या ठेवायला हरकत नसलेल्या कॉलमांच्या यादीशी ताडून बघावं. घुसणारा माणूसही आत शिरल्यावर पहिला प्रश्न इन्फर्मेशन स्कीमालाच विचारतो, हे लक्षात ठेवून प्रोग्रामच्या लॉगिनला मोजकेच अधिकार द्यावेत.

मुलीचं चालू काम तर नखशिखान्त विचारण्याचंच आहे. डीबीएफच्या शीर्षातून नावं, प्रकार, रुंदी तिच्या प्रोग्रामनं अर्ध्या मिनिटात उचलली होती. अडलं ते पुढे. पोस्टग्रेसमध्ये ‘कमेंट ऑन कॉलम’ म्हणून एक आज्ञा आहे, ओरॅकलमध्येही आहे. कॉलमचा अर्थ साध्या वाक्यात कॅटलॉगमध्येच लिहून ठेवता येतो आणि प्रोग्रामला तो वाचताही येतो. डीबीएफमध्ये अशी जागाच नव्हती. त्यामुळे कपातींच्या नव्या टेबलात प्रकार भरण्यासाठी एकोणीस नावांचे अर्थ दुसऱ्या कुणाकडून तरी यायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सांगलीची एसटी पकडायच्या आधी दादानं माझ्या वाणसामानाच्या वहीत ते लिहायला घेतले. एकेका नावापुढे कपात कशाची, कोणत्या हंगामापासून, टनावर की सरसकट. केपी_पावतीपुढे त्यानं ‘रक्कम नाही’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. सतरा लिहून झाले. उरलेल्या दोनांसाठी त्यानं त्याच्यासोबतच निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्याला फोन लावला. त्यालाही आठवेना.

ते दोन कॉलम म्हणजे केपी_एक्स1 आणि केपी_इतर2. दोन्हींचा प्रकार न्यूमेरिक, रुंदी 10, दशांश 2.